लॉट नदीकडे उतरताना

मेल आली तेव्हा जयसिंग पावाला लोणी लावत होते. पावाचा तुकडा डाव्या तळहातावर, सुरी उजव्या हातात, आणि लोणी कडेपर्यंत पोचलं की नाही ते अंगठ्यानं चाचपून बघायचं, अशी त्यांची पद्धत. टेबलावर माझा फोन थरथरला. पुण्याच्या हॉस्पिटलचं नाव दिसलं. सोबत जोडलेली दोन पानं होती. दुसऱ्या पानाच्या तळाशी असलेली तीन वाक्यं मी दोनदा वाचली आणि फोन पालथा घातला.

“कुणाचं?” जयसिंगांनी विचारलं.

“बँकेचं. केवायसीचं काहीतरी.”

“एवढ्या सकाळी?”

“तिकडं साडेअकरा वाजलेत.”

“हं.” त्यांनी पाव तोंडात घातला, सावकाश चावला. मग म्हणाले, “तू चावायची थांबलीस.”

“चहा कडू आहे हो,” मी म्हटलं. चहा कडू नव्हता.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. सप्टेंबरचे शेवटचे दिवस होते. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला लॉट नावाची नदी आहे. ती इतकी वळणं घेत जाते की एकाच सकाळी तुम्ही तिच्यावरचे चार पूल ओलांडता. दोन्ही काठांवर द्राक्षांच्या बागा. त्या द्राक्षांची वाईन एवढी गडद असते की ग्लासातून पलीकडचं बोट दिसत नाही. आम्ही नवराबायको तिथं सायकल चालवत होतो. तो आमचा चौथा दिवस.

जयसिंगांची कोल्हापुरात फाउंड्री. तरुणपणी त्यांना सायकल शर्यतींचं वेड होतं, घरात कपाटभर ढाली होत्या. लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी त्यांना संध्याकाळचं नीट दिसेना. मग बाजूचं दिसेना. डोळ्यांच्या पडद्याचा आजार, आईकडून आलेला, औषध नाही. बेचाळिसाव्या वर्षी उरलासुरला उजेडही गेला. फाउंड्री त्यांनी सोडली नाही. ओतलेला भाग हातात घेऊन तो कुठं कच्चा राहिलाय ते बोटांनी सांगायचे. सायकल मात्र सुटली. वर्षभर त्यांनी सायकलचं नावही काढलं नाही. मग त्यांच्याच वेल्डरनं, शौकतभाईंनी, दोन फ्रेमी जोडून एक जोडसायकल केली आणि आमच्या दारात आणून उभी केली. पुढं कोण बसणार हा प्रश्नच नव्हता. मी शाळेत भूगोल शिकवत होते आणि लग्नाआधीची लेडीज सायकल सोडली तर मला काही चालवता येत नव्हतं. शिकले.

जोडसायकलवर पुढच्याच्या हाती हँडल. मागच्यानं फक्त पॅडल मारायचं आणि पुढच्यावर भरवसा ठेवायचा. दोघांची पॅडलं एकाच साखळीनं बांधलेली असतात, त्यामुळं एकाचा पाय जरा अडखळला तरी दुसऱ्याला कळतं. पुढच्यानं सतत बोलत राहायचं. खड्डा, वळण, चढ, थांबतेय. आम्ही तिथं भाड्यानं घेतलेल्या सायकलीला तीन ब्रेक होते. दोन माझ्या हातात. तिसरा, लांब उतारासाठीचा जड ब्रेक, मागच्या चाकाला होता आणि त्याची लिव्हर जयसिंगांच्या हाताशी होती. त्यांना ते फार आवडलं होतं. “चला, काहीतरी माझ्या ताब्यात आलं,” असं म्हणाले होते.

त्या सकाळी आम्ही नदीच्या काठाकाठानं निघालो. ऊन कोवळं होतं, बागांमधून द्राक्षतोड चालू होती.

“द्राक्षं उतरवली का गं इथली?”

“अर्धी.”

“अर्धी म्हणजे? वरच्या अंगाची का खालच्या?”

एरवी मी त्यांना सगळं सांगायची. पानं कडेनं लाल झालीत, एक कुत्रं ट्रॉलीत झोपलंय, बाईनं टोपीवर रुमाल बांधलाय. त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर सगळं होतं आणि मला काही दिसत नव्हतं. दुसऱ्या पानावरची तीन वाक्यं तेवढी दिसत होती.

“नदी कुठं आहे?”

“डावीकडं.”

मग शांतपणे म्हणाले, “पाण्याचा आवाज उजवीकडनं येतोय, वैजू.”

आम्ही पूल ओलांडला होता आणि मी तो त्यांना सांगितलाच नव्हता.

“चुकलं,” मी म्हटलं.

“चुकू दे. खड्डा चुकवू नकोस म्हणजे झालं.”

पुढच्या गावातून रस्ता नदी सोडून पठारावर चढतो. सात किलोमीटरचा चढ. मी जोर लावून पॅडल मारत होते, दम लागला की बोलावं लागत नाही म्हणून. पण पायांचं खोटं लपत नाही. माझा ताल तुटत होता आणि मागून ते तो सांभाळून घेत होते. वर पोचलो तेव्हा माझा टीशर्ट पाठीला चिकटला होता. वर खुजी ओकची झाडं, पांढऱ्या दगडांच्या रचलेल्या भिंती, मेंढ्या. पाणी प्यायलो. त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, आणि मला वाटलं आता विचारतील. त्यांनी नाही विचारलं.

तिथून रस्ता पुन्हा नदीकडं उतरतो, कड्यात कोरलेला, एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला गुडघाभर उंचीचा दगडी कठडा. पाटीवर अकरा टक्के उतार लिहिलं होतं आणि नागमोडी वळणाचं चित्र होतं.

“पाच मोठी वळणं आहेत,” मी सांगितलं. “मागचा ब्रेक धरून ठेवा. मी पुढचे अधूनमधून दाबत जाईन.”

“धरलाय.”

निघालो. पहिलं वळण नीट गेलं. दोन माणसं, पिशव्या आणि ती लोखंडी सायकल, पावणेदोनशे किलोचं वजन होतं, पण त्यांचा ब्रेक घट्ट होता आणि मागचं चाक समजूतदार जनावरासारखं ओढ धरून येत होतं. मला जरा हायसं वाटलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

“केतकीचा रिपोर्ट आला ना?”

केतकी आमची मुलगी. सोळा वर्षांची. बारावीचं वर्ष म्हणून तिला आत्याकडं ठेवून आम्ही निघालो होतो. निघण्याच्या आदल्या आठवड्यात तिचं रक्त पुण्याला पाठवलं होतं.

“खाली गेल्यावर बोलू,” मी म्हटलं.

“म्हणजे आला.”

“अहो, उतार आहे. खाली गेल्यावर सांगते.”

“वैजू, काय आलंय?”

मी उत्तर दिलं नाही. उत्तर न देणं हेच उत्तर होतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मागून एक शब्द आला नाही. फक्त मागची ओढ सुटली.

ती सुटल्याचं मला आधी पाठीत जाणवलं. कुणीतरी मागून हलकेच ढकललं असं वाटलं, मग सायकल धावू लागली. मी माझे दोन्ही ब्रेक दाबले. वेग कमी व्हायचा सोडून फक्त वाढायचा थांबला. दुसरं वळण आलं.

“डावं वळण!” मी ओरडले. ते माझ्याबरोबर झुकले, नेहमीसारखेच अगदी बरोबर झुकले, पण ब्रेक लावला नाही. वळणाच्या बाहेरच्या अंगाला चाक कठड्यापासून वीतभर अंतरावरून गेलं. खाली नदी दिसली, हिरवी, फार खाली.

“अहो, मागचा ब्रेक!”

काही नाही. वारा कानात घोंगावत होता. मी ब्रेक सोडून पुन्हा दाबले, सोडले, दाबले. सतत धरले तर रिम तापते आणि टायर फुटतो, हे मला जयसिंगांनीच शिकवलं होतं. रबर जळल्याचा वास यायला लागला.

“अहो, ब्रेक लावा ना! ऐकू येतंय का?”

तिसरं वळण. ते कसं घेतलं मला आजही सांगता येणार नाही. खडकाच्या बाजूला अक्रोडाची वाळलेली पानं साठली होती, त्यांवरून मागचं चाक जरासं सरकलं आणि परत जाग्यावर आलं. एवढं कळलं की पुढचं वळण मला घेता येणार नाही. आणि मग त्या पुढच्या वळणावर, डाव्या वळणावर, खालून एक ट्रॅक्टर येताना दिसला. मागं द्राक्षांनी भरलेली ट्रॉली. वळताना तिनं अख्खा रस्ता अडवला होता.

एकोणीस वर्षांच्या संसारात मी त्यांना कधी नावानं हाक मारली नव्हती. आमच्या घरात तशी रीतच नव्हती. मी किंचाळले, “जयसिंग! तिलाही आहे! केतकीलाही आहे! ब्रेक लाव, जयसिंग!”

एक क्षण गेला. तो किती लांब होता ते मी सांगत बसत नाही.

मग मागचं चाक करकचून थांबलं. सायकल आडवी व्हायला लागली. मी हँडल उजवीकडं, कठड्याजवळच्या खडीच्या पट्ट्यात वळवलं, आणि आम्ही पडलो. दगड, आकाश, पुन्हा दगड. माझा डावा हात कुठंतरी अंगाखाली आला आणि त्यात काहीतरी मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. घसरत घसरत कठड्याला टेकून थांबलो. सायकलचं पुढचं चाक हवेत फिरत राहिलं.

ट्रॅक्टर थांबला होता. साठीची एक धिप्पाड बाई उडी मारून धावत आली. हात द्राक्षांच्या रसानं कोपरापर्यंत जांभळे. ती भराभर फ्रेंचमध्ये बोलत होती. मला फ्रेंचचे तीसएक शब्द येत होते, त्यातला एकही आठवेना. मी माझ्या हाताकडं बोट दाखवलं आणि मग जयसिंगांच्या डोळ्यांकडं. तिनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा कठड्यापलीकडं पाहिलं, आणि क्रूसाची खूण केली. मग मला सावलीला बसवून, ‘इथंच थांबा, गाडी आणते’ अशा अर्थाचं खुणेनं सांगून ती ट्रॅक्टर घेऊन वर गेली.

आम्ही दोघंच राहिलो.

ते चाचपत माझ्यापर्यंत आले. त्यांचा गुडघा फुटला होता, बाकी काही नव्हतं. माझं मनगट त्यांनी दोन बोटांनी हळूच तपासलं, फाउंड्रीतला भाग तपासावा तसं.

“मोडलंय,” ते म्हणाले.

“माहीत आहे.”

त्यांनी गळ्यातला रुमाल काढून माझा हात बांधला. गाठ पक्की बसली का ते दोनदा पाहिलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

“तुम्ही ब्रेक सोडलात.”

“हो.”

“मुद्दाम?”

ते कठड्याला पाठ लावून बसले.

“सुटला तेव्हा मुद्दाम नव्हता,” ते म्हणाले. “तू गप्प बसलीस आणि माझ्या हातातली ताकदच गेली. पण नंतर कळलं होतं मला. सुटलाय ते कळलं होतं, तू ओरडतीयस तेही ऐकू येत होतं. दोन वळणं मी तशीच जाऊ दिली, वैजू. खोटं कशाला बोलू.”

“मी पुढं होते,” मी म्हटलं. “तुमच्या पुढं मी बसले होते. आणि तिकडं ती एकटी आहे.”

“ते आठवलं म्हणूनच लावला.” मग जरा थांबून म्हणाले, “आणि तू नावानं हाक मारलीस. आई गेल्यापासून मला कुणी एकेरीत हाक मारली नव्हती.”

मी त्यांना मारलं असतं. उजवा हात धड होता. पण त्यांचा चेहरा पाहून मला रडू फुटलं. खूप रडले. त्यांनी अडवलं नाही.

“सकाळी का नाही सांगितलंस?” शेवटी त्यांनी विचारलं.

“अजून तीन दिवस होते ट्रिपचे. तेवढे तरी तुम्हाला सुखाचे जावेत म्हणून.”

“मला माहीत होतं.”

“काय?”

“मार्चमध्ये एकदा ती ऑफिसात आली होती. कॉलेज सुटल्यावर सरळ. म्हणाली, पप्पा, तुम्हाला पहिल्यांदा काय दिसेनासं झालं? मुलगी असं उगीच विचारत नाही. मी म्हटलं, आठवत नाही बाळ. चहा पाजला आणि घरी पाठवली.” त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. “मला सगळं आठवतं, वैजू. एकूण एक आठवतं. पोरगी विचारायला आली आणि मी तिला हाकलली. रक्त तपासायला द्या म्हणून नंतर मागं लागलो, पण तिच्याशी बोललो नाही.”

वरून गाडीचा आवाज आला. त्या बाईचं नाव सोलांज. तिनं आम्हाला पठारावरच्या तिच्या घरी नेलं, माझ्या हातावर बर्फ बांधला, डॉक्टरला फोन केला. डॉक्टर तासाभरात येतो, असं तिनं घड्याळावर बोट फिरवून दाखवलं. अंगणात द्राक्षांच्या पेट्या रचल्या होत्या आणि मधमाश्या घोंगावत होत्या. तिनं आमच्यापुढं ताटलीत पाव आणि चीज ठेवलं, आणि मग बहुधा आमची तोंडं पाहून आत निघून गेली.

“फोन लाव,” जयसिंग म्हणाले.

“आत्ता? आधी आपण ठरवू या काय सांगायचं.”

“काही ठरवायचं नाही. फोन लाव.”

कोल्हापुरात पावणेचार वाजले होते. केतकीनं पहिल्या रिंगलाच उचलला. मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

“आई? आला का?”

मी तोंड उघडायच्या आत जयसिंग पुढं झुकले.

“आला, बाळ. तुला आहे. मला जो आहे तोच.”

पलीकडं दूर कुठंतरी आत्याच्या कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं त्यांच्यापुढून फोन ओढून घ्यावा आणि काहीतरी मऊ बोलावं. मोडलेला हात उचलला गेला आणि डोळ्यांपुढं अंधारी आली.

“केतकी,” ते म्हणाले, “मार्चमध्ये तू मला विचारलं होतंस. मी खोटं बोललो. पहिल्यांदा पाण्याचा तांब्या दिसेनासा झाला. ताटाच्या बाजूचा. जेवताना हात लागायचा आणि सांडायचा. सहा महिने सगळे मला धांदरट म्हणत होते. मी पण म्हणत होतो.”

“माझी बाटली सांडते,” केतकी म्हणाली. तिचा आवाज फार बारीक झाला होता. “लॅबमध्ये. सर ओरडतात.”

“कुठल्या बाजूची?”

“डाव्या.”

“माझी पण डावीच.”

मग ते दोघं बोलत राहिले. संध्याकाळी जिना कसा उतरायचा, वर्गात कुठं बसायचं, मैत्रिणीला कधी सांगायचं. चाळीस मिनिटं. मी नुसती ऐकत होते. त्यांच्या आजाराचं इतकं सगळं मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं त्यांना रस्ता सांगणारी मी.

मध्येच तिनं विचारलं, “पप्पा, तुम्ही ऐकल्यावर काय केलंत?”

मी डोळे मिटून घेतले.

“ब्रेक सोडला,” ते म्हणाले. “घाटात. तुझ्या आईचं मनगट मोडलं माझ्यामुळं.”

“पप्पा!”

“मग लावला परत. उशिरा लावला, पण लावला. तुझ्यावर असला दिवस येईल तेव्हा ही चूक तू करू नकोस. मी केली, ती सांगून ठेवतोय.”

ती रडली. मग बऱ्याच वेळानं नाक ओढून म्हणाली, “आई, आहेस का तू?”

“आहे गं.”

“तुझा हात बरा झाला की मला शिकवशील? पुढं बसायला? मला अजून किती वर्षं दिसेल माहीत नाही. दिसतंय तोवर पप्पांना मी नेते.”

जयसिंगांनी माझ्या दिशेला तोंड वळवलं. माझ्या मनात ट्रक आले, म्हशी आल्या, डावीकडनं अचानक निघणारी रिक्षा आली. नाही म्हणायची सतरा कारणं होती आणि सगळी खरी होती.

“शिकवते,” मी म्हटलं.

डॉक्टरांना विचारूनच शिकवलं. फक्त सकाळच्या उजेडात, फक्त मोकळ्या रस्त्यावर, आणि दर सहा महिन्यांनी नजर तपासून. चार वर्षं दर रविवारी केतकीनं तिच्या पप्पांना पुढं बसून नेलं. पन्हाळ्याच्या वाटेवर त्यांना ओळखत नाही असा चहावाला उरला नव्हता. मी घरी बसून दर अर्ध्या तासानं घड्याळ बघायची, हेही सांगून टाकते.

पाचव्या वर्षी एका रविवारी, लख्ख उन्हात, तिचा फोन आला. डाव्या बाजूनं आलेली म्हैस तिला दिसली नव्हती. धडक झाली नव्हती, म्हशीनंच बाजूला होऊन वाट दिली. केतकीनं सायकल रस्त्याकडेला उभी केली होती, पप्पांना सगळं सांगितलं होतं, आणि मग मला फोन लावला होता.

“आई, रिक्षा करून ये,” ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. “इथून पुढं तू चालव. मी रिक्षानं मागून येते.”

मी गेले. पुढं बसले. केतकीची रिक्षा घरापर्यंत मागून आली. अंगणात उतरल्यावर जयसिंगांनी हेल्मेट काढलं, हात पुसले आणि शौकतभाईंना फोन लावला.

“अजून एक जोडसायकल करायला घ्या,” ते म्हणाले. “हो, दोघांचीच. पोरीसाठी. मागची सीट जरा उंच ठेवा, तिचे पाय लांब आहेत.”